मासोळीचा पाइप

नाना कॉम्प्युटरसमोर कधी बसले नाहीत. माझ्या सायबर कॅफेत सहा खुर्च्या होत्या, त्यातल्या चार तर चक्क चारही पायांच्या. पण नाना उभेच. डाव्या खांद्यावर पंचा, उजवा हात डोक्याच्या वर, पंजा उघडा, आणि मॉनिटरकडे बघून एक आरोळी: "बोलाऽऽ! माल समोर हाय!"

"नाना, त्याला ऐकू येत नाही."

"त्याला नसंल येत. मला येतंय ना? आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाय, तर मानूस भलताच भाव देऊन बसतो."

त्या काळात तुम्ही इंदिरानगरात राहत असाल, तर तो आवाज तुम्हीही ऐकला असेल. फक्त कुठून आला ते कळलं नसेल. नानांनी एकदा 'बोला' म्हटलं की माझ्या दुकानाचं शटर आपोआप हातभर खाली यायचं. शेजारच्या गिरणीतलं पीठ आणखी बारीक व्हायचं. तिकडे निफाडला द्राक्षाचे मणी तडकले की बागाईतदार पावसाला दोष द्यायचे. खरं कारण मला माहीत होतं.

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायची आमच्या घरात रीत आहे. तुम्हीही करा. फक्त गोष्ट शेवटाकडे आली की वजाबाकी थांबवा. तिथे माझ्या पदरचं काही नाही.

नानांची हयात भाजी बाजाराच्या आवारात गेली. शेतकऱ्यांचा माल यायचा, व्यापारी गोळा व्हायचे आणि नाना लिलाव पुकारायचे. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, हंगामात द्राक्षं. घरचा मळाही होता. गुलाब आणि वांगी. तो मळा म्हणजे आजचं इंदिरानगर. माझं दुकान ज्या इमारतीत, तिच्या जागी त्यांची विहीर होती, असं ते सांगत. "तू पान्यावर बसलायस, थापाड्या. म्हून तुझ्या गप्पांना तळ नाय." थापाड्या हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी निषेध केला नाही.

ते पहिल्यांदा आले ते दोन हजार सालानंतर कधीतरी. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि यायच्या आधी मोडेम असा कण्हायचा, की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं आत कुणाची दाढ काढताहेत. नाना दारातच थांबले.

"इथं जुन्या मालाचा लिलाव व्हतो म्हनं?"

"होतो की. अख्ख्या देशाचा होतो."

"पुकारतो कोन?"

"कुणीच नाही. ज्याला वस्तू हवी तो आकडा लिहितो."

"मग तीनवार कोन म्हनतो?"

"घड्याळ. वेळ संपली की ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भटजीशिवाय लग्न लावतो असं सांगितलं. मग आत आले, पंचा सारखा केला आणि म्हणाले, "इलायती चिलमी दाखव."

इलायती चिलीम म्हणजे तंबाखू ओढायचा पाइप. सिनेमातल्या बॅरिस्टरच्या तोंडात असतो तो. नाना स्वतः बिडीही ओढत नव्हते. "वापरलेली पायजे. मानेपाशी चांदीचं कडं असलेली." का पाहिजे, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लोकांना काय काय छंद असतात. एकाला मी रोज दोन तास नुसते विमानतळांचे फोटो बघताना पाहिलं होतं. म्हटलं, असेल.

मी त्यांचं खातं उघडून दिलं. पहिला पाइप कलकत्त्याचा होता. फोटो असा धुरकट, की पाइप आहे की भोपळ्याचं देठ कळू नये. मान तर दिसतच नव्हती. "हातात घेतल्याबिगर कळनार नाय," नाना म्हणाले आणि बोली लावली. समोरून कुणीतरी दहा रुपये चढवले. नानांनी हात वर केला, "एकवार!" म्हणाले, ऐटीत सहा खुर्च्यांकडे बघितलं, "दोनवार!" म्हणाले, आणि मिशीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात पडद्यावर लिलाव संपला. पाइप दुसऱ्याचा झाला.

"आरं! आजून म्या तीनवार म्हनलं कुठं?"

"नाना, वेळ संपली."

"येळ संपली म्हंजे? तिसरा वार पुकारनाऱ्याच्या हातात असतो. त्यानं मनात आनलं तर तासभर बी धरून ठेवंल. शेतकऱ्याच्या घरी लगीन असंल, तर म्या धरून ठेवायचो. कोनी तरी चढवतंच. तीनवार झाल्याबिगर माल उठत नाय!"

त्यांनी त्या साइटवाल्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं. मराठीत. 'आपल्या आवारात तीनवार न म्हणता माल उचलण्यात आला, हे रिवाजाला धरून नाही.' उत्तर अर्थातच आलं नाही. त्यांचं रोज वाट बघणं मला बघवेना, म्हणून मीच एक उत्तर टाइप केलं, 'आपली सूचना मिळाली, विचार चालू आहे', आणि खाली वळणदार सही ठोकली. ते पत्र त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. माझ्या हुशारीवर मी महिनाभर खूश होतो. पुढे काय होणार होतं त्याची ही सुरुवात होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दोनेक वर्षांत अकरा पाइप आले. पार्सल कॅफेच्या पत्त्यावर यायचं. नाना सुतळी सोडवायचे, कापायचे नाहीत. पाइप काढून मान उजेडाकडे धरायची, बोटाने चाचपायची, मग म्हणायचं, "ही नाय." तक्रार नाही, काही नाही. मग तो पाइप पंचाने पुसून, कागदाच्या कात्रणात गुंडाळून द्राक्षाच्या पेटीत ठेवायचे. एकदा एका दांडीवर अंगठा फिरवत म्हणाले, "दातांच्या खुना हायेत बघ. कोनाचा तरी मानूस व्हता ह्यो." मी म्हटलं, विकणाऱ्याला ते वाटत नसेल. "इकनाऱ्याला कधीच वाटत नाय," नाना म्हणाले, "त्या येळंला."

चार वाजता नाना येणार म्हटल्यावर दुकानात गर्दी व्हायला लागली. पेन्शनर, गिरणीवाला, कॉलेजची पोरं. मधल्या वेळात नाना आवारातल्या गोष्टी सांगत. फार पूर्वी भाव तोंडाने नव्हे, पंचाखाली हात घालून बोटं दाबून ठरायचा, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. मला शिकवायला त्यांनी माझा हात पंचाखाली घेतला; मी उत्साहात दोनतीन बोटं दाबली. "झालं," नाना म्हणाले, "बाराशे जुड्या कोथिंबीर घेतलीस. ने आता घरी."

आणि भुताची गोष्ट. आवारात एक व्यापारी होता. स्वतःला माल नको असताना नुसता भाव हलवायला तो मागून खोट्या नावाने बोली लावायचा. अशा बोलीला नाना भुताची बोली म्हणत. नानांनी एक दिवस त्याला पकडलं आणि भर आवारात शिक्षा सांगितली: हंगामभर तोंड बंद. आवारात रोज यायचं, उभं राहायचं, पण बोलायचं नाही.

"आणि त्याने ऐकलं?"

"ऐकतो म्हंजे? द्राक्षाची शेवटची पेटी जाईस्तोवर खांबाला टेकून उभा ऱ्हायचा. चोरी एकडाव परवडली. चोर घरातून काय तरी नेतो. भूत बोलायला लागलं, की खऱ्या मानसाच्या बोलीवरचा बी इस्वास उडतो."

मी मान डोलावली. आणि मी काय करत होतो, तेही सांगतो.

झालं असं होतं, की नानांच्या पाइपांवर बरेचदा दुसरं कुणी बोलीच लावायचं नाही. मग नाना हात वर करून उभे, समोर शुकशुकाट. त्यांचा चेहरा पडायचा. लोक कंटाळून घरी जायचे. एक दिवस मी गल्ल्याजवळच्या माझ्या कॉम्प्युटरवर दुसरं खातं उघडलं आणि हळूच दहा रुपये चढवले. नाना दहा वर्षांनी तरुण झाले. "आला! कोनी तरी आला!" पुन्हा चढवले. पुन्हा चढवले. शेवटच्या मिनिटाला मी माघार घेतली. नाना जिंकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी सगळ्यांना चहा सांगितला.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? "समोर कोन व्हता रे?" नानांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कर्नल. कुन्नूरचा. रिटायर्ड." मग कर्नल वाढत गेला. त्याचा एक पाय युद्धात गेला. त्याच्याकडे तीनशे पाइप आणि चौदा कुत्री होती. त्याची बायको त्याला सोडून चहाच्या मळ्याच्या मॅनेजरबरोबर गेली होती आणि जाताना कुत्र्यांमधली सात घेऊन गेली होती. नाना मन लावून ऐकत. "आज कर्नल गरम हाय," म्हणत. एकदा म्हणाले, "त्याला लिव, पाय दुखत असंल थंडीत, तिळाचं तेल लाव म्हनावं." मी लिहिल्यासारखं केलं.

असं नऊ वेळा. नऊ वेळा मी भूत झालो. नानांना थोडे पैसे जास्त पडले. मी मनाशी म्हणायचो, मजेचे पडले.

मग एका डिसेंबरात दुपारी फोनची लाइन गेली. रस्ता खणला होता. दुकानात नाना आणि मी दोघंच. करायला काही नव्हतं, म्हणून शेवटी एकदाचं विचारलं, "नाना, चांदीचं कडंच का?"

त्यांनी पंचाने काळा पडदा पुसला. मग उभ्या उभ्याच सांगितलं.

त्यांचा थोरला मुलगा. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजात होता, नाटकाचं वेड. एका नाटकात त्याला बॅरिस्टरचं काम मिळालं, म्हणून त्याने देवळाली कॅम्पच्या भंगारवाल्याकडून जुना पाइप आणला. मान तडकलेली होती. आईकडे गेला. आईने आपल्या जुन्या मासोळ्यांमधली एक काढून दिली. पायाच्या बोटातली चांदीची मासोळी; सोनाराने ती ठोकून पाइपाच्या मानेभोवती कडं बसवलं. ठोकताना सगळी नक्षी गेली, पण त्यावरचा बारीक मासा तेवढा राहिला. पोरगं तंबाखू ओढत नव्हतं. नुसता तोंडात धरून आरशापुढे बोलायचं.

"मला ह्यातलं काय बी ठावं नव्हतं," नाना म्हणाले. "माझा डबा घेऊन आवारात आला. तोंडात ती चिलीम. चार व्यापारी हसले. म्हनले, नाना, सायेब आला तुमचा. माझं डोकं फिरलं. त्याच्या तोंडातून काढली आन् क्रेटवर उभा ऱ्हायलो. म्हनलं, बोला! माल समोर हाय!"

त्यांनी स्वतःच्या मुलाच्या पाइपाचा लिलाव पुकारला. हमाल हसले, व्यापारी हसले. माल न्यायला आलेल्या एका परगावच्या व्यापाऱ्याने गंमत म्हणून बोली लावली.

"पोरगं समोर उभं व्हतं. मला वाटलं, हात जोडंल. बाबा नका म्हनंल. येवढंच पायजे व्हतं मला. म्या एकवार म्हनलं, थांबलो. दोनवार म्हनलं, थांबलो. लय थांबलो, थापाड्या. त्यो नुसता बघत ऱ्हायला. मग म्या तीनवार म्हनलं."

घरी गेल्यावर बायकोने एकच वाक्य ऐकवलं, "त्यावर माझी मासोळी होती." मुलगा दुसऱ्या दिवशी वापीला गेला, तिथल्या कारखान्यात लागला. पत्र आईच्या नावाने यायचं. दोन वर्षांनी कावीळ झाली आणि ती अंगावर काढली. नाना पोचले तेव्हा बोलणं बंद झालं होतं. बायकोने पुढे आयुष्यभर त्या एका बोटात काही घातलं नाही. मग तीही गेली.

"तीनवार म्हनायला नको व्हतं," नाना म्हणाले. "माझ्या हातात तेवढंच तर व्हतं."

त्या क्षणी मी कर्नलचं सांगून टाकायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. ही माझी जीभ, जी आजवर कुठेही चिकटलेली नाही. मनात म्हटलं, आजपासून कर्नल बंद. झालं गेलं कुणाला कळतंय?

आणि पुढच्याच आठवड्यात तो पाइप साइटवर आला.

विकणारा इंदूरचा होता. फोटो स्वच्छ. वाटी एका बाजूला जळलेली, मानेभोवती चांदीचं कडं, आणि कड्यावर मासा. बोटाच्या पेरापेक्षा लहान. नानांनी काही पुकारलं नाही. पहिल्यांदाच खुर्चीला हात लावला, बसले नाहीत, नुसती पाठ धरून ठेवली. मग पडद्यावर त्या माशावर बोट ठेवलं आणि बोट काढेनात.

"किती दिवस हायेत?"

"चार. गुरुवारी चार वीसला संपणार."

"कर्नल येईल का रे?"

"नाही येणार नाना." आणि मग, खोटं निस्तरायला आणखी एक खोटं, "कर्नल वारला. मागच्या आठवड्यात."

नानांनी खांद्यावरचा पंचा काढला, हातात घेतला आणि मान खाली घालून उभे राहिले. अख्खं मिनिटभर. "गडी चांगला व्हता," म्हणाले. "येळंला मागं सरायचा."

गुरुवारपर्यंत सगळं ठीक होतं. मुंबईच्या कुणा एकाशी चढाओढ होती आणि नाना पुढे होते. पैशांची तयारी होती. त्या दिवशी नाना साडेतीनलाच आले, दुकान भरलं. पावणेचारला त्या मुंबईवाल्याने आकडा चढवला, मी नानांचा आकडा लिहिला, बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. खातं बंद. खाली लांबलचक इंग्रजी मजकूर. मी दोन ओळी वाचल्या. एकाच जागेवरून दोन खाती एकमेकांविरुद्ध बोली लावतात, भाव खोटा चढवतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. दोन्ही खाती कायमची बंद. खाली नऊ पाइपांची यादी.

"काय म्हनतोय?"

"काही नाही, मशीन बिघडलंय. तुम्ही थांबा, मी दुसरीकडून लावून येतो!" म्हणालो आणि स्कूटरला किक मारली. मुंबई नाक्यापर्यंत मी कसा गेलो ते सिग्नललाही माहीत नाही. तिथल्या कॅफेत माझ्या बायकोच्या नावाने नवं खातं उघडलं. नव्या खात्याला चोवीस तास बोली लावता येत नाही, असं पडद्यावर आलं. मी त्या मॉनिटरला हात जोडले. खरोखर जोडले. मग परत फिरलो. येताना वाटेत तीन खोट्या गोष्टी तयार केल्या; तिन्ही चांगल्या होत्या.

दारात शिरलो तर दुकान गप्प. तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली एक मुलगी बसली होती. नानांनी तिला म्हटलं होतं, "बाई, येवढं वाचून सांग." तिने सरळ मराठीत सगळं वाचून दाखवलं होतं.

"भूत ह्याच दुकानातलं हाय म्हनं," नाना म्हणाले. आवाज इतका हळू, की मला तो त्यांचा वाटलाच नाही. "कोन?"

मी किल्ली गल्ल्यावर ठेवली. तिन्ही गोष्टी घशात होत्या.

"कर्नल वारला म्हनलास. म्या पंचा काढून उभा ऱ्हायलो."

चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. पाइप पडद्यावर दिसत होता. बघायला खातं लागत नाही. मुंबईवाल्याचा आकडा वर होता. नाना पडद्याकडे वळले. उजवा हात वर केला, पंजा उघडला.

"एकवार," म्हणाले.

मोडेमचा दिवा लुकलुकत होता.

"दोनवार."

आणि थांबले. घड्याळात चार वीस झाले. पडद्यावर लिलाव संपल्याची ओळ आली. नानांचा हात तसाच वर. लोक एकेक करून चपला घालून बाहेर पडले. ती मुलगी फॉर्म अर्धा सोडून गेली. हात वरच. दंड थरथरायला लागला, मग खांदा. मी पुढे झालो तर नजरेने मागे सारलं. शेवटी हात आपोआप खाली आला, जसा दमलेल्या माणसाचा येतो. तीनवार ते म्हणाले नाहीत.

जाताना दारात थांबले. "आवारात भुताला काय शिक्षा असती, ठावं हाय ना?"

मी मान डोलावली.

"द्राक्षाची शेवटची पेटी जाईस्तोवर."

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत, असंच मी धरून चाललो होतो. बरोबर चार वाजता आले आणि तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. मी निमूट साइट उघडली. रात्रीच बायकोच्या खात्यातून विकणाऱ्याला लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं: वस्तू विकली गेली, घेणाऱ्याचा पत्ता देता येत नाही. नानांना पडद्यावरचं लहान अक्षर आता दिसत नसे, म्हणून मी ते मराठीत कागदावर मोठं लिहून त्यांच्यापुढे धरलं. ह्या वेळी एक अक्षर पदरचं घातलं नाही. त्यांनी वाचलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. तिथे माझं ते जुनं, खोट्या सहीचं पत्र होतं. ते काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

मग रोज चार वाजता. मी उंदीर हलवायचा, ते बघायचे. घेणारा कधीतरी परत विकायला काढेल, एवढीच आशा. नाना आता 'बोला' म्हणत नव्हते. मला बोलायची बंदी. पाइपांमागून पाइप सरकायचे आणि आम्ही दोघं मुके. लोकांना वाटलं माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. घरी बायको आधी खूश झाली, आठवड्याने घाबरली, पंधरा दिवसांनी म्हणाली, "अहो, एखादी थाप तरी मारा." घरी बंदी नव्हती, पण तिथेही तोंड उघडवेना. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मासा काही दिसला नाही.

एप्रिलात एक दिवस नाना आले ते मॉनिटरकडे गेलेच नाहीत. माझ्या टेबलापाशी आले. मी दोन चहा ओतले होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या हातावर टाकला आणि पंचाखाली हात घालून माझा हात धरला. मला वाटलं, काही भाव सांगताहेत. मी बोटं मोजायला लागलो. एक नाही, दोन नाही. सगळा पंजा. माझी अख्खी मूठ त्यांच्या मुठीत, आणि ती तशीच. हात खरबरीत होता आणि फार गरम. मला विचारायचं होतं, नाना, ह्याचा अर्थ काय? पण शेवटची पेटी गेली की नाही, ते मला माहीत नव्हतं. मग त्यांनी पंचा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा धाकटा मुलगा आला. बोलायच्या आधीच मला कळलं.

तेराव्यानंतर सूनबाईंनी द्राक्षाची पेटी माझ्याकडे दिली. "ह्याचं आम्ही काय करणार, भाऊ?" अकरा पाइप कात्रणात नीट ठेवलेले. मधोमध थोडी जागा रिकामी, तिथे स्वच्छ कापूस.

त्या सकाळी अमरधाममध्ये, अंत्यविधीला, आवारातली जुनी माणसं आली होती. एक म्हातारा व्यापारी भिंतीला टेकून एकटा उभा होता. कुणीतरी हळूच सांगितलं, नानांनी एक हंगाम ज्याचं तोंड बंद केलं होतं तो हा. मी त्याच्याजवळ गेलो. चार महिन्यांनी नीट आवाज काढला, तर तो फाटकाच निघाला.

"दादा, पंचाखाली बोटं न दाबता सगळी मूठच धरली, तर तो भाव कितीचा?"

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. कोण, काय, काही विचारलं नाही.

"त्याला भाव नसतो," म्हणाला. "ते सौद्यातलं नाय." मग थोड्या वेळाने, चितेकडे बघत, "किती येळ धरली व्हती?"

"चहा निवेपर्यंत," मी म्हणालो.